चाचांचं देणं

आमच्या पेठेत मांजर कुणी पाळत नाही, मांजर येतं. म्हैस बाजारात पारखून घ्यावी लागते, कुत्र्याचं पिल्लू कुणाकडून तरी मागून आणावं लागतं. मांजर मात्र एके दिवशी कौलांवरून उतरतं, कुणाच्या घरात काय शिजतंय याचा अंदाज घेतं आणि आपण त्याला पसंत पडलो की नाही ते चार दिवसांत कळवतं. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतली आमची ओळ जामदार क्लबच्या अंगाला, नदीच्या उतारावर. घरं एकमेकांना खेटून, भिंती सामायिक, वर कौलं, मध्येच कुणीतरी हौसेनं घातलेला स्लॅब. मागच्या गल्लीत जायचं तर माणसाला मोठा वळसा पडतो. मांजराला पडत नाही.

त्यामुळे मागच्या घरातल्या चाचांशी माझी खरी ओळख व्हायला मांजरच यावं लागलं, याचं आता नवल वाटत नाही. आमच्या न्हाणीघराची भिंत आणि त्यांच्या परसाची भिंत एकच. दिवाळीला इकडून फराळाचं ताट जायचं, ईदला तिकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि दोन्ही भांडी रिकामी परत जायची नाहीत. बोलणं एवढ्यापुरतंच. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ते शिपाई म्हणून लागले आणि व्रणोपचारक म्हणून निवृत्त झाले, हे मला पुष्कळ नंतर कळलं. गल्ली त्यांना कंपौंडर म्हणायची. मी शाळेत गणित शिकवायची, म्हणून मी सगळ्यांची ‘बाई’.

२०१८ च्या पावसाळ्यात ती आली. पांढऱ्या अंगावर काळी आणि केशरी ठिगळं, शेपटी अर्ध्यावर किंचित वाकडी. माडीच्या खिडकीत बसून अंग चाटायची आणि आम्ही तिच्या घरात भाड्यानं राहत असल्यासारखी बघायची. सासूबाई म्हणाल्या, “आली बघ पावणी.” तेच नाव पडलं. सासूबाईंना मांजराचा राग आणि भीती सारखीच. आडवं गेलं तर त्या चार पावलं मागं यायच्या, पण हाकलायलाही हात धजेना. कारण मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला नेऊन दान द्यावं लागतं, हे त्यांच्या माहेरापासून पक्कं. सोन्याचा भाव बघता दूध स्वस्त पडेल, असा त्यांनी हिशेब केला असावा. गंगावेशीच्या कट्ट्यावरून माझा मुलगा संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण दूध आणायचा, त्यातलं वाटीभर पावणीला जाऊ लागलं. पुढं त्यात चिमूटभर साखरही पडू लागली.

व्हायचं ते झालं. माजघरात, पाटावर, एकदा तर देवघराच्या उंबऱ्याशी तिनं घाण केली. मी बादली-फडका घेऊन तोंडानं काहीतरी पुटपुटत असताना भिंतीपलीकडून आवाज आला.

“बाई, दूध बंद करा तिचं.”

मी म्हटलं, “मांजराला दूध आवडतं की हो चाचा.”

“आवडतंय की. मलाबी जिलेबी आवडत्या. डॉक्टर खाऊ देतोय व्हय?”

वाढलेल्या मांजराच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस फारसा उरत नाही, म्हणून ते आवडीनं पितं आणि मग हगवण लागते, हे त्यांनी मला तिथंच सांगितलं. सासूबाईंच्या चिमूटभर साखरेचा तर काहीच उपयोग नव्हता. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. गोडाची चव देणारं त्याचं जनुकच निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. पण हे सासूबाईंना पटवण्यात मी वेळ घालवला नाही.

मग चाचांनी विचारलं, “तिरंगी हाय न्हवं? मग बाईच असणार.” त्यांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. मांजराच्या अंगावरचा केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. केशरी आणि काळा असे दोन्ही रंग एकाच कातडीवर यायचे तर दोन एक्स लागतात, म्हणजे मादीच. तिरंगी बोका हजारोंत एखादा, आणि तोही बहुधा वांझ. ते जनुक नेमकं कोणतं, हे जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांना २०२५ मध्ये सापडलं. चाचांना मात्र टेबलावर आलेली मांजरं धरून धरून नियम पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा आमच्या दारातून आत आले. वळसा घालून, धुतलेली टोपी घालून. पावणीकडं त्यांनी सरळ बघितलंच नाही. खाली बसले, तोंड दुसरीकडं केलं आणि डोळे अर्धे मिटून हळूच उघडले, पुन्हा मिटले. थोड्या वेळानं ती आपणहून त्यांच्या गुडघ्याला डोकं घासून गेली. मांजराकडं टक लावून बघणं म्हणजे भांडणाचं आमंत्रण, असं त्यांचं म्हणणं. पुढं २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की माणसानं असे हळू डोळे मिटले तर मांजरही तसंच उत्तर देतं आणि अनोळखी माणसाजवळसुद्धा येतं. तो लेख मी चाचांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “त्यांनाबी कळलं म्हणायचं.”

तर पहिला प्रश्न त्यांनी केला तो खाण्याचा नाही. “ही कुणाची हाय, ते बघितलं का?” आणि मी काही बोलायच्या आत, “कान बघितला का?” संततिनियमनाचं ऑपरेशन झालेल्या बेवारस मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं असतं, म्हणजे पुन्हा कुणी धरून पोट फाडू नये. पावणीचे दोन्ही कान शाबूत होते. मग चाचांनी कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान मागवलं, त्याची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि माझ्या हातात पेन दिलं. तुमचं अक्षर चांगलं, म्हणाले. मी लिहिलं : ‘ही मांजरी आमच्याकडे रोज येते. तुमची आहे का?’ पट्टी त्यांनी गळ्याभोवती अशी चिकटवली की आत दोन बोटं सहज जावीत, आणि कुठं अडकलीच तर कागद फाटावा, मांजर लटकू नये. दोरा बांधायचा नाही, घुंगरू तर नाहीच. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हण आम्ही शाळेत शिकवली, पण अशी ती पहिल्यांदाच बांधलेली पाहिली.

पट्टी संध्याकाळी परत आली. पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘आमची न्हाई. सकाळी येत्या. तुम्ही मटण घालू नका, आम्ही घालतोय.’

मटणावरून चाचा गंभीर झाले. कोल्हापुरातल्या घरात रविवारी मटण शिजणार आणि कांदा-लसूण पडल्याशिवाय ते शिजणार नाही. नेमक्या त्या दोन गोष्टी मांजराला विष. त्यांच्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तांबडा रस्सा तर सोडाच, पांढऱ्यातला धुतलेला तुकडासुद्धा नको. मसाला पडायच्या आधी नुसत्या पाण्यात उकडलेले दोन तुकडे बाजूला काढायचे, मीठही नाही. नाहीतर सुकट, तीही भिजवून खारटपणा काढलेली. आणि दूध-चपातीवर मांजर जगतं हा समज डोक्यातून काढायचा. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की त्याचे डोळे जातात, हृदयाचे स्नायू ढिले पडतात. चाचा टॉरिन म्हणत नसत. “चपातीवर वाढलेलं मांजर भिताडाला धडकतंय” म्हणत.

हे सगळं ऐकून मीही पेन्सिलवाल्यांना निरोप पाठवला, पुढच्या पट्टीवर. ते कोण हे आजही मला माहीत नाही. पण रविवारी पावणीच्या तोंडाला रश्श्याचा वास यायचा थांबला.

गल्लीत मतभेद होतेच. एकानं सुचवलं, पोत्यात घालून शिवाजी पुलापलीकडं सोडून या. चाचांनी त्याला शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. जवळ सोडलं तर मांजर परत येतं आणि लांब सोडलं तर परक्या हद्दीत मरतं, ही एक. दुसरी अशी की पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. “पाळलेली कुठं हाय ती?” तो म्हणाला. “मग खाऊ कोण घालतंय?” चाचांनी विचारलं. पोतं निघालं नाही.

एकदा पावणी मलूल होऊन पडली. सासूबाईंनी तापाची गोळी काढली, पाव तुकडा करून गुळात दाबली. मी शाळेत होते. चाचांनी भिंतीवरून ते पाहिलं आणि त्या वयात भिंत ओलांडून ते आत आले. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही. एका गोळीत धडधाकट मांजर जातं. हे ठाऊक नसलेली माणसं दवाखान्यात मेलेली मांजरं घेऊन यायची, नोकरीतल्या सगळ्यांत वाईट आठवणी त्याच, असं ते म्हणाले. कुत्र्याच्या गोचिडांवरचं औषध मांजराला चोळल्याच्याही. सासूबाईंनी त्या दिवशी त्यांना चहा दिला आणि पहिल्यांदाच कपबशी बाहेरच्या कट्ट्यावर न ठेवता आत, माजघरात दिली. त्यावर दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

मलूल असण्याचं कारण पोटात होतं. मांजरीचे दिवस दोन महिन्यांचे. आमच्या माळ्यावर गोवऱ्यांच्या पोत्यामागं चार पिल्लं झाली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. पावणीनं तीन दाखवली आणि चौथ्या वेळी माळ्यावरच परत आणली. पिल्लांना हात लावला की आई टाकून देते, या आपल्या समजुतीत चाचांना अर्थ वाटत नसे. ती वासामुळे नाही, वर्दळीला कंटाळून जागा बदलते. दोन आठवड्यांनंतर पिल्लांना रोज थोडा वेळ हातात घ्यायलाच हवं, नाहीतर ती माणसाला कायमची बुजतात आणि मग त्यांना घर मिळत नाही. सातव्या-आठव्या आठवड्यानंतर शिकवून उपयोग नाही. मी पहिल्याच दिवशी घाईनं हात घातला आणि पावणीनं मनगटावर चार रेघा ओढल्या. चाचांनी मला नळाखाली उभं केलं. साबण लावून पंधरा मिनिटं धुवायला लावलं आणि स्वतः घड्याळ धरून उभे राहिले. मग सीपीआर रुग्णालयात जाऊन रेबीजचं इंजेक्शन. त्या दिवशीचं, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचं, एकही चुकवायचं नाही. पिसाळणं फक्त कुत्र्यातून येतं असं समजणारी माणसं मांजराच्या चावण्याकडं दुर्लक्ष करतात. गणिताची बाई म्हणून मला तारखा लक्षात ठेवायला सांगितलं, पण दर खेपेला आदल्या रात्री भिंतीपलीकडून आठवण यायचीच.

माळ्यावर पिल्लांना माणसाळवताना मात्र ते बोलायचे. एरवी मितभाषी माणूस, पण हातात पिल्लू आलं की गाडी सुटायची. त्यांचे आजोबा दरबारात चित्तेवान होते. कोल्हापूरला शिकारी चित्त्यांचा केवढा षोक होता, हे आता नव्या राजवाड्यातलं संग्रहालय बघणाऱ्या पोरांना पेंढा भरलेल्या जनावरांवरून कळतं तेवढंच. शाहू महाराजांच्या आणि पुढं राजाराम महाराजांच्या काळात इथं काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते बाळगायचे. देशातले मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवायचे. शिकारीला नेताना चित्ता गाडीवर बसवलेला, डोळ्यांवर चामड्याची टोपी. काळविटांचा कळप दिसला की टोपी उतरवायची. चित्ता धावतो तो थोडाच वेळ, पण त्या वेळेत त्याला कुणी गाठू शकत नाही. आणि शिकार झाल्यावर त्याच्याकडून ती सोडवून घ्यायची, तीही न मारता, न ओरडता, पळीभर रक्त पुढं करून. खरं कौशल्य तिथं होतं.

“वाघ डरकाळी फोडतोय. चित्त्याला डरकाळी न्हाई,” चाचा सांगायचे. “ह्येच्यासारखाच घुरघुरतोय. आजा म्हणायचा, खाटेशेजारी झोपला की रातभर चक्की चालू.” हे खरंच आहे. चित्ता मांजरासारखा घुरघुरतो, सिंहासारखा गर्जत नाही. अनोळखी जनावराशी कसं वागायचं, हे चाचांना सरकारी दवाखान्यानं जेवढं शिकवलं तेवढंच त्या आजोबांनी शिकवलं असणार. सरळ बघू नकोस, वरून हात आणू नकोस, त्याला निघून जायला वाट ठेव. आजोबांची एक गोष्ट त्यांच्याकडं उरली होती : चित्त्याच्या डोळ्यांवरची ती टोपी. पत्र्याच्या ट्रंकेत, मलमलीच्या कापडात गुंडाळलेली. त्यांनी ती मला एकदा दाखवली. काळपट चामडं, नाकाच्या जागी खोबण, मागं बांधायला दोन वाद्या आणि आतल्या बाजूला अजून मऊ असलेलं अस्तर. मी नाकाशी धरली तर कापराचा वास आला. ‘चित्त्याचा वास गेला,’ चाचा म्हणाले, ‘लहानपणी यायचा.’

पिल्लं चार ठिकाणी गेली. पावणीचं ऑपरेशन चाचांनीच जुळवून आणलं. मंडईतला प्लॅस्टिकचा क्रेट उलटा, काठीचा टेकू, आत सुकट. ती पहिल्याच दिवशी आत गेली, कारण तिला त्यांचा संशय नव्हता. एका खासगी डॉक्टरांकडं नेलं. मांजरीला पिल्लं पाजत असतानाही पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून फार थांबायचं नाही. मी पैसे भरले. डॉक्टरांनी सांगितलेली रक्कम मला कमीच वाटली. बेवारस मांजराला सवलत असेल, असं समजून मी गप्प बसले. पावणी डाव्या कानाचं टोक गमावून परत आली आणि दोन दिवस रुसून चाचांच्या माडीवर राहिली.

मग २०१९ च्या ऑगस्टमधला पूर. राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे आमच्याकडची पोरं पाढ्यांबरोबर शिकतात. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, पेट्रोल संपलं, ज्या शहरात दुधाचे कट्टे आहेत तिथं दूध मिळेना. आम्ही आधीच राजारामपुरीत नणंदेकडं गेलो होतो. चाचा, गल्लीतल्या पुष्कळ म्हाताऱ्यांप्रमाणं, २००५ ला एवढंच आलं होतं, असं म्हणत माडीवर थांबले. जिना बुडाल्यावर बोट आली. बोटीवरच्या पोरांनी सांगितलं, माणसाला एक पिशवी. चाचांनी ट्रंकेकडं बघितलं असेल का, मला माहीत नाही. ते उतरले तेव्हा त्यांच्या हातात वर ओली चादर बांधलेली भाजीची बुट्टी होती आणि बुट्टीतून पावणी सगळ्या बोटीला शिव्या घालत होती.

छावणीत भेटले तेव्हा सासूबाईंनी त्यांना फैलावर घेतलं. “मांजर कौलावर चढलं असतं की! तुमची कागदं, कपडे?”

“चढलं असतं,” चाचा म्हणाले, “खाल्लं काय असतं?”

पाणी उतरल्यावर चिखलातून ट्रंक निघाली. कागद लगदा झाले होते. टोपी फुगून, शिवण सुटून उलगडली होती. त्यांनी ती उन्हात ठेवली, ती वाळून कडक झाली आणि दाबताच तडकली. कचऱ्याच्या डंपरमध्ये ती गेली तेव्हा मी तिथंच होते. मला काही बोलता आलं नाही आणि ते मला म्हणाले, “बाई, तुमच्या न्हाणीघराची भिंत फुगलीया, गवंड्याला बोलवा आधी.”

भिंत दोघांची होती, गवंड्याचे पैसे निम्मे-निम्मे झाले. ते तेवढंच फिटलं.

१७ सप्टेंबर २०२२ ला आफ्रिकेतून आणलेले चित्ते कुनोच्या जंगलात सोडले तो कार्यक्रम चाचांनी आमच्याकडं बसून टीव्हीवर पाहिला. भारतातून चित्ता नष्ट झाल्याचं सरकारनं १९५२ मध्ये जाहीर केलं तेव्हा ते लहान होते. सासूबाईही शेजारी बसल्या होत्या, मांडीवर पावणी. जनावर पिंजऱ्यातून बाहेर पडून गवताचा वास घेत इकडंतिकडं बघायला लागलं. चाचा पुढं सरकून म्हणाले, “टोपी न्हाई घातली.” एवढंच. त्याच थंडीत ते गेले. पुढच्या मार्चमध्ये, २०२३ ला, केंद्र सरकारचे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले. भटक्या कुत्र्यांबरोबर मांजरांच्याही ऑपरेशनचा आणि त्यांना खाऊ घालणाऱ्यांचा त्यात विचार आहे.

पावणीला लस टोचायला त्या खासगी डॉक्टरांकडं गेले तेव्हा बोलता बोलता समजलं. चार वर्षांपूर्वी सवलत वगैरे काही नव्हती. निम्मी रक्कम चाचांनी आदल्या दिवशी आणून दिली होती आणि बाईंना सांगू नका म्हणून बजावलं होतं. मास्तरीण माणूस, एकदम आकडा ऐकून मागं सरेल, असं त्यांना वाटलं असावं. खरं सांगायचं तर कदाचित सरलेही असते.

त्यांचा मुलगा माझाच विद्यार्थी. नोकरीनिमित्त पुण्याला होता, आता परत येऊन घर दुरुस्त करतोय. मी पाकीट घेऊन गेले. वळसा घालून, दारातून. त्यानं पाकिटाला हात लावला नाही.

“अब्बांनी तुमच्याकडनं घेतलं न्हाई, मी कसं घेऊ बाई? त्यापेक्षा एक काम करा. आमच्या माडीवर चार दिवस झाले एक बोका यायलाय. काळाभोर, मोठं डोस्कं. बायको भितीया. काय करायचं त्येचं?”

मी पाकीट पर्समध्ये परत ठेवलं आणि विचारलं, “कान बघितलास का त्याचा?”